वसंतात फोडलेला गड्डा

यांगचौच्या भाजीबाजाराच्या तोंडाशी, जिथे मासेवाल्यांच्या टबांतलं पाणी सांडून सांडून रस्ता बारा महिने ओला असतो, तिथे दोन म्हाताऱ्यांनी एका गड्डेवाल्याला घेरलं होतं. गडी कुठल्याशा खेड्यातून आलेला. सायकलच्या पायाशी गोणपाट अंथरून त्याने शाओयाओ या फुलझाडाच्या, मातीने माखलेल्या मुळांचे गड्डे ओळीने मांडले होते. रताळ्यांसारखी जाडजूड, एकमेकांत गुंतलेली मुळं, आणि त्यांच्या माथ्यावर लालचुटुक डोळे.

"काय रे, आम्हाला आंधळ्या समजतोस होय? मार्च महिन्यात शाओयाओचे गड्डे विकायला आणलेस?"

"मावशी, आधी बघा तरी. डोळे बघा कसे टपोरे आलेत."

"डोळे घाल चुलीत! वसंतात मुळं फोडून लावला शाओयाओ, तर म्हातारपणापर्यंत फूल दिसायचं नाही. शरदात फोडायचा असतो तो, शरदात!"

"मग तुम्हाला कसली भीती, मावशी? तुमचं म्हातारपण तर येऊन मांडी घालून बसलंय. तुमच्याकडे यंदाच फुलेल!"

आजूबाजूची माणसं खो खो हसली. मासेवालीने तर हातातला मासा परत टबात टाकला आणि पोट धरलं. म्हातारीसुद्धा हसली. हसता हसता गड्डेवाल्याच्या टोपीवर तिने छत्रीचं टोक हाणलं. एकटी रुइयुन तेवढी हसली नाही. हातात पातीच्या कांद्याची जुडी धरून ती तशीच उभी राहिली, आणि मागून येणाऱ्या बाईने तिच्या टाचेवर पाय दिला तरी तिला कळलं नाही. मग ती पुढे झाली आणि म्हातारीला हळूच म्हणाली, "आजी, खरंच नाही फुलत?"

म्हातारीने तिला खालून वर न्याहाळलं. रुइयुनने तोंड उघडलं की यांगचौच्या लोकांना लगेच कळायचं, ही आपल्याकडची नाही. इतकी वर्षं झाली, पण तिच्या जिभेवरचा दक्षिणेचा समुद्र काही आटला नव्हता. "बाहेरची दिसतेस," म्हातारी म्हणाली. "अगं, इथल्या शेंबड्या पोराला विचार. हे काय कोणी शिकवावं लागतं?"

झालं ते एवढंच. तिला लागलं ते गड्डा न फुलण्याचं नव्हतं. ते तर ती सहा वर्षं डोळ्यांनी बघतच होती. लागलं ते हे, की ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. मासेवालीला ठाऊक, पोराटोरांना ठाऊक, पावसात मीठ पाझरतं हे जसं कोणी कोणाला सांगत नाही, तशी ठाऊक. आणि तिच्या सासूबाई याच गावात जन्मल्या, याच गावात नांदल्या, त्यांच्या गल्लीबाहेर फार लांब कधी गेल्याही नाहीत. म्हणजे त्यांनाही ठाऊक होती. त्यांनी तो गड्डा तिच्या हातात दिला तेव्हा वसंतच होता. थडग्यांवर माती चढवायच्या सणाचा दिवस होता, आणि वसंताबद्दल शंका घ्यायला कुठे जागाच नव्हती, कारण गल्लीभर विलोच्या कोवळ्या डहाळ्या दारांना खोचलेल्या होत्या.

सासूबाईंसाठी मासा घ्यायचा होता. मोडलेलं हाड जुळायला माशाचं पांढरं सार चांगलं, असं डॉक्टर म्हणोत न म्हणोत, सासूबाई म्हणत. तिने मासा घेतला, आणि पिशवीत तो शेवटचं फडफडत असताना ती कालव्याच्या कडेने घराकडे निघाली. डोक्यात मात्र तो जुना दिवस येऊन बसला होता, आणि तो दिवस आजवर तिने इतक्यांदा बाहेर काढून पुसूनपासून परत ठेवला होता, की त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. त्या दिवशी ती आणि तिचा नवरा हानलिन सासूबाईंना सांगायला गेले होते, की आम्ही आता वेगळे राहणार, नव्या वसाहतीत तळमजल्यावर जागा मिळतेय. घरात शिरेपर्यंत तिने स्वतःला तेच ऐकवलं होतं. मुलाला आईपासून तोडणारी, तीही परगावची, जिला धड बोलता येत नाही अशी सून! पण अंगणात पाहावं तर सगळी उलथापालथ. कसलीशी पाईप टाकायला माणसं आली होती, विटांचा वाफा फुटला होता, आणि सासूबाई बाह्या कोपरापर्यंत सारून चिखलात उभ्या होत्या. हानलिनने जे सांगायचं ते सांगितलं. सासूबाई खाली वाकल्या, मातीतून मुळांचा एक गड्डा उचलला, वळल्या, आणि तो रुइयुनच्या हातांत ठेवला. दोन्ही हातांनी ठेवला. घरच्या माणसाला कोणी दोन्ही हातांनी देत नाही, ते मानाचं देणं असतं. रुइयुनने तो चिखलाचा गोळा छातीशी धरला, नव्या कोऱ्या पांढऱ्या ब्लाउजवर डाग पडला, आणि तो डाग तिने पुढे कधी घासून काढला नाही.

पुढच्या वेळी ती गेली तेव्हा अंगणात सिमेंट होतं. "आई, बाकीचं झाड?" "गेलं," सासूबाई म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या. गेलं! म्हणजे सासूबाईंनी स्वतःसाठी काही ठेवलं नव्हतं. होतं नव्हतं ते तिला दिलं होतं. त्या एका शब्दावर तिने पुढचं सगळं उभं केलं. सासूबाई तिच्याशी कधी गोड बोलल्या नाहीत. हानलिन वाळूच्या बोटीवर महिना महिना बाहेर असे, तेव्हा त्यांनी कधी फोन करून जेवलीस का विचारलं नाही. नव्या वर्षाला तिने केलेले कालवांचे घावन त्यांनी चॉपस्टिकने उलटे करून बघितले आणि म्हणाल्या, "हे मेलेलं आहे की अजून मरायचंय?" ते सगळं ती हसून गिळायची, कारण मागच्या दारी, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, तो गड्डा होता. बोलतात एक आणि मनात असतं एक, काही माणसं अशीच असतात, असं ती स्वतःला सांगायची, आणि पुरावा म्हणून मातीकडे बोट दाखवायची.

आणि किती केलं तिने त्याच्यासाठी! तिच्या माहेरी, समुद्रकाठच्या गावात, शाओयाओ कोणी पाहिलाही नव्हता. तिथे हिवाळाच नाही, आणि या झाडाला थंडी लागते. हाडं गारठवणारी थंडी खाल्ल्याशिवाय ते जागंच होत नाही. तिकडे नार्सिससचे कंद पाण्याच्या वाडग्यात ठेवायचे आणि नव्या वर्षाला फुलं घरात हजर. तिला वाटलं, हेही तसंच. पहिल्या मे महिन्यात पानं आली, गडद, चकचकीत, तेल लावल्यासारखी. कळी नाही. नवीन आहे, रुसलंय, ती म्हणाली. दुसऱ्या वर्षी तिने माहेरच्या रीतीने माशांची आतडी पुरली, तर वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर नाक धरून खाली आले. "वहिनी, मागे कोणाला पुरलंय का? पोलिसांना आधी तुम्ही सांगता की मी सांगू?" मग तिने सोयाबीनची पेंड घातली. मग हाडांची पूड. वरच्यांच्या कपड्यांचं साबणाचं पाणी ठिबकतं म्हणून तिने वर प्लॅस्टिक बांधलं, आणि मग प्लॅस्टिकने ऊन अडतं म्हणून सोडलं. फार खोल लावला की काय, या भीतीने दर शरदात बोटांनी माती उकरून ती डोळे वर आहेत ना बघायची, आणि परत झाकायची, झोपलेल्या मुलाचं पांघरूण उचलून बघावं तसं. कोणाला विचारायचं तिला कधी सुचलं नाही असं नाही. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर लोकांनी म्हटलं असतं, सासूने दिलेलं झाड हिच्या हाताला लागलं नाही. दर मे महिन्यात शहरभर, बागांत, कुंड्यांत, चहाच्या दुकानांच्या दारात थाळ्याएवढी गुलाबी फुलं स्वतःच्याच भाराने वाकायची. ती मान खाली घालून त्यांच्यासमोरून जायची, नापास झालेल्या मुलीने निकालाच्या फळ्यासमोरून जावं तशी.

दोष आपला आहे असं तिने सहा वर्षं धरलं होतं. दोष आपला असला की एक सोय असते, समोरचं माणूस चांगलं राहतं.

ती टूथब्रशच्या कारखान्यात तपासणीला होती. पट्ट्यावरून ब्रश येत राहायचे, हॉटेलांत पाहुण्यांना फुकट देतात तसले, आणि ती प्रत्येकाच्या केसांवरून अंगठा फिरवायची. एखादा केस आखूड, एखादा वाकडा, तर बाजूला. संध्याकाळपर्यंत अंगठा बधिर व्हायचा आणि रात्री उशीवर त्याच्यात मुंग्या चालायच्या. कालव्याच्या कडेने चालताना आता तिला वाटलं, आपण त्या दिवसावरूनही असाच अंगठा फिरवत आलो, आणि एकदाही केस बोचला नाही. आज बोचत होता. सासूबाई वाकल्या, तेव्हा त्यांचा चेहरा कसा होता? आठवेना. दोन्ही हात आठवत होते, चिखल आठवत होता, पण चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं. मग मनाने त्या रिकाम्या जागी आपणच एक चेहरा बसवला, ओठ घट्ट मिटलेला, डोळ्यांत बारीक समाधान असलेला. घे, वसंतात फोडलेला गड्डा घे. माझा मुलगा नेतेस ना? घाल पाणी म्हातारपणापर्यंत. आणि गंमत बघा, हा चेहरा आधीच्या कुठल्याही चेहऱ्यापेक्षा खरा वाटायला लागला.

कालव्यातून एक लांबलचक वाळूची बोट चालली होती, पाण्याला टेकेपर्यंत भरलेली. बोट दिसली तसा हानलिनचा फोन आठवला. तो आज संध्याकाळी करणार होता. नानचिंगला असलेली त्याची बहीण हानचेन, तिने एका वृद्धाश्रमात आईसाठी खाट बघितली होती. खोलीत दोघीच, खिडकी, दिवसातून एकदा नर्स. जागा अडवून ठेवायची तर आज हो किंवा नाही कळवायला हवं होतं. हानलिन म्हणाला होता, "तू ठरव. मी पाण्यावर असतो, करणार तूच आहेस. मी कुठल्या तोंडाने सांगू?" आणि ती सकाळी बाजाराला निघताना अगदी मोकळ्या मनाने निघाली होती, कारण तिचं ठरलेलंच होतं. ज्या बाईने आपलं सगळं झाड उपटून मला दिलं, तिला मी परक्यांच्या खाटेवर पाठवू? संध्याकाळी हे हानलिनला कोणत्या शब्दांत सांगायचं, तेही तिने जुळवून ठेवलं होतं. आता त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग गळून पडला होता, आणि उरलेला अर्धा एका पायावर उभा होता.

घराच्या दाराशी आत न जाता ती बाजूने मागे गेली. जमीन फोडून शाओयाओचे कोंब वर आले होते. दर वर्षी ती या दिवसांत जरा वेडीच व्हायची, कारण ते कोंब हिरवे नसतातच. काळपट लाल असतात, कोंबडीच्या पायांसारखे, किंवा मातीखाली कोणी पाठ टेकून निजलंय आणि बोटं तेवढी वर काढलीत तसे. गेल्या वर्षीपेक्षा जास्त होते. ती वाकली, बधिर अंगठा एका कोंबाच्या टोकावर ठेवला, आणि प्रथमच तिला ते आपलं वाटलं नाही. शिव्या लिहिलेला कागद वाचता न येणाऱ्या माणसाने चौकट करून भिंतीवर लावावा, तसं काहीसं आपण केलं की काय? आणि सगळं गाव येता जाता वाचत होतं. मास्तर वाचत होते. हानलिन? त्याला झाडांतलं काही कळत नाही, त्याला कांदा आणि लसूण वेगळे ओळखू येत नाहीत. पण हानचेनने एकदा मागच्या दारी उभं राहून "वहिनी, हे कधी लावलंस?" असं विचारलं होतं, आणि उत्तर ऐकून ती नुसतं "हं" म्हणाली होती. त्या "हं"चा आवाज इतक्या वर्षांनी तिच्या कानात वाजला आणि कान गरम झाले.

"आलीस?" खिडकीतून सासूबाईंचा आवाज. हिवाळ्यात बर्फावर पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या इथेच होत्या, खिडकीजवळच्या खाटेवर. "मला वाटलं, मासा पकडायला थेट समुद्रावर गेलीस. तुमच्याकडे तशीच पद्धत असेल."

"गर्दी होती, आई."

"गर्दी मासे खात नाही, माणसं खातात. बघू. हा मासा? हा माझ्याहून म्हातारा आहे."

"पिशवीत उड्या मारत होता, आई."

"मीही मारेन, मला पिशवीत घातलंस तर."

एरवी ती यावर हसली असती. आज ती मासा घेऊन आत गेली. सार उकळायला लागलं, दुधासारखं पांढरं झालं, आल्याचा वास घरभर पसरला. घरात दोन बायका आणि मध्ये एक भांडं उकळतंय, बाहेरून बघणाऱ्याला किती उबदार वाटलं असतं! ती वाडगा घेऊन गेली. सासूबाई फुंकर मारत प्यायल्या, काटे जिभेवर वेगळे करून अचूक वाडग्याच्या कडेला ठेवत गेल्या. रुइयुन त्यांचं तोंड बघत राहिली. हे तोंड विचारलं तर खरं सांगेल, याबद्दल तिला शंका नव्हती. या बाईला खोटं बोलायचा कंटाळा होता. म्हणूनच तर भीती होती.

रविवार म्हणजे अंघोळीचा वार. दुपार कलल्यावर न्हाणीत तिने स्टूल ठेवलं, खाली ओलं फडकं अंथरलं, गरम पाण्याने टब भरला. सासूबाईंना काखेत हात घालून आणायचं, बसवायचं, मोडका पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवायचा, हे दोघींना आता न बोलता जमत होतं. सासूबाईंचा जन्म बायकांच्या हमामखान्यात गेला होता. त्या पाठी घासायच्या. सगळं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं. शाळेच्या मुख्याध्यापिका, कोंबड्या विकणाऱ्या, नवऱ्या मुली, सगळ्याजणी फळीवर पालथ्या पडल्या की सारख्याच, असं त्या म्हणत. लग्नाआधी त्यांनी रुइयुनलाही तिथे नेलं होतं. वाफेत काही दिसत नव्हतं, नळांचा आणि बायकांच्या हसण्याचा एकच गलका होता, आणि कोणाचे तरी प्रचंड, खरखरीत हात तिला मानेपासून टाचेपर्यंत सोलत होते. "काय गं, तुमच्याकडे अंघोळ करतात की नुसतं खाऱ्या पाण्यात बुचकळून वाळत घालतात?" वाफेत सगळ्या बायका हसल्या होत्या. तिला रडू आलं होतं, पण त्याच वेळी, कोणाला सांगू नये असं, बरंही वाटलं होतं. आई लहानपणीच गेली, त्यानंतर तिच्या पाठीला कोणी हात लावला नव्हता.

आता तिने हातात अंग घासायची खरखरीत पिशवी चढवली आणि समोरच्या पाठीवर पाणी ओतलं. पाठ सुकलेली होती, खांद्यांची हाडं वर आलेली. एका जागी गोल जुना डाग होता. कसला, ते तिने कधी विचारलं नव्हतं.

"जोरात. भात खाल्ला नाहीस का?"

तिने जोर लावला. मळाच्या काळपट वळकट्या सुटायला लागल्या. पाठमोऱ्या माणसाला विचारणं सोपं असतं. चेहरा नसतो, म्हणजे तो कुठला बसवायचा हाही प्रश्न नसतो.

"आई, शाओयाओ वसंतात फोडला तर फुलत नाही, म्हणे."

"म्हणे काय? नाहीच फुलत."

"तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"यात ठाऊक असण्यासारखं काय आहे? माणूस जन्माला येतं ते हे ठाऊक घेऊनच येतं. डावीकडे घास, तिथे खाज आहे."

तिने डावीकडे घासलं. हात आपोआप चालत होता. आतमध्ये मात्र सगळं थांबलं होतं, जिना उतरताना शेवटची पायरी नसावी आणि पाय हवेत पडावा तसं. ठाऊक होतं. झालं तर मग. संध्याकाळी फोन येईल, हो म्हणायचं, खाट अडवायची. इतकं सोपं होतं.

"मग मला का दिलात?" ती म्हणाली, आणि आवाज इतका मोठा निघाला की न्हाणीच्या फरश्यांवरून परत आला.

"काय दिलं?"

"गड्डा. शाओयाओचा. मागे लावलाय तो."

सासूबाईंनी मान वळवायचा प्रयत्न केला, पण खुब्यातून कळ आली तशी परत फिरवली. "मी? तुला? कधी?"

"आम्ही वेगळे राहायचं सांगायला आलो होतो. अंगण खणलं होतं. तुम्ही माझ्या हातात दिलात. दोन्ही हातांनी."

मग त्या पाठीतून काहीतरी हलत वर आलं, आणि रुइयुनला कळायला वेळ लागला की ते हसू आहे. पाठ आधी हसली, आवाज नंतर आला.

"ते? गॅसची पाईप टाकली तेव्हाचं? अगं, ते तर मी कचऱ्यात टाकायला उचललं होतं! तू मध्ये उभी. आणि हात पुढे केलास. मला वाटलं, ही नेऊन टाकतेय, बरं झालं, माझी खेप वाचली. जड काय कमी होतं ते धूड! एका हाताने उचलतंय कोण?"

"मी... हात पुढे केला?"

"असा." त्यांनी साबणाने माखलेले दोन्ही तळवे पुढे धरले, प्रसाद घ्यावा तसे. "मला वाटलं, दक्षिणेची आहे, असतात यांच्या रीती. म्हणजे मागे ते लाल लाल उगवलंय ना, ते माझ्या सासूचं आहे? अरे देवा! मी तर म्हटलं, बाजारातून आणलं असशील. माझ्या सासूचं! दर मे महिन्यात माझ्याकडून त्याच्या एकेका कळीवरच्या मुंग्या झाडून घ्यायची ती बया, पाहुणे येणार म्हणून. मुंग्या काय झाडून जातात? गोडाला येतात त्या. एकदा झाडता झाडता कळी मोडली, तर तापलेली..." त्या थांबल्या. "ते असो. पाईपवाल्यांनी ते खणलं, तेव्हा मी त्यांना चहा पाजला होता. आणि तू ते नेऊन इतकी वर्षं पाणी घालून जगवलंस? वेडी गं वेडी!" आणि त्या पुन्हा हसायला लागल्या, हसता हसता "आई गं, माझा खुबा" म्हणून कण्हल्या आणि तरी हसत राहिल्या.

रुइयुन हातात पिशवी घालून तशीच उकिडवी बसली होती. शिवी नव्हती. आशीर्वादही नव्हता. तिथे काहीच नव्हतं. एक बाई कचरा टाकायला निघाली होती आणि दुसरी मध्ये आली. रुइयुनने सहा वर्षं ज्या दोन हातांच्या जोरावर सगळं सहन केलं, आणि आज सकाळपासून ज्या दोन हातांचा द्वेष केला, ते हात दोन्ही वेळा तिचे स्वतःचेच होते. शाप असता तर परत देता आला असता. रागाने मागच्या दारी जाऊन एकेक कोंब मोडता आला असता. आता कोणावर रागवायचं? न्हाणी एकदम फार मोठी वाटायला लागली, भिंती लांब गेल्यासारखी, आणि मध्ये एक म्हातारी पाठ, जिच्यावरचा डाग आता कसला ते तिला कळत होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता. त्या डागावरून तिने बोट फिरवलं. कातडी तिथे गुळगुळीत होती, बाकी कुठे नव्हती तशी.

"काय झालं? झोपलीस?"

बाहेर फोन वाजायला लागला.

"जा, घे. हानलिन असेल. विचार त्याला, जेवतो का वेळेवर. आणि माझ्या खांद्यावर पंचा टाक आधी."

तिने पंचा टाकला, नीट, दोन्ही खांदे झाकतील असा. हात पुसत बाहेर आली. फोनमध्ये आधी इंजिनाची धडधड, मग पाण्याचा आवाज, मग हानलिन, ओरडून बोलत, बोटीवरचे सगळे बोलतात तसा.

"रुइयुन? ऐकू येतंय का? हानचेनचा आत्ताच फोन आला, म्हणाली दादा, लवकर सांग. काय करायचं?"

ती खिडकीशी उभी होती. खाली कोंब दिसत होते, संध्याकाळच्या सावलीत काळे पडलेले. ती वाट बघत होती, की आतून कुठलं तरी कारण वर येईल, हे किंवा ते, आणि जिभेला धरून नेईल. सकाळी एक होतं. दुपारी दुसरं होतं. आता खाली तळाशी हात घालावा तर नुसती माती. कोणी दिलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं.

"आई इथेच राहतील," ती म्हणाली.

पलीकडे हानलिनने इतका मोठा सुस्कारा सोडला, की इंजिनाच्या आवाजातही तो ऐकू आला. "मला वाटलंच होतं! मी हानचेनला म्हटलं, रुइयुन पाठवायची नाही. आई तोंडाने काही बोलत नाही गं, पण तिचा तुझ्यावर फार जीव आहे."

"नाही," रुइयुन म्हणाली.

"काय? ऐकू नाही आलं."

"जीव नाहीये. माझाही नाही बहुतेक. तरी राहतील."

"म्हणजे? रुइयुन? काय झालं, भांडलात का तुम्ही?" इंजिन धडधडत होतं. "रुइयुन, काय बोलतेयस तू?"

"वेळेवर जेव, असं आई म्हणाल्या," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"अगं ए!" न्हाणीतून हाक आली. "पाणी पार गार झालं! मला इथे भिजत घालून गावाला गेलीस का काय? अजून उजवी बाजू राहिलीय!"

स्वयंपाकघरात तिने पुन्हा पाणी तापत ठेवलं. आधण येईपर्यंत ती गॅसच्या निळ्या ज्योतीकडे बघत उभी राहिली. मग भांडं फडक्याने दोन्ही बाजूंनी धरून उचललं आणि आत गेली.